शुक्राचं पक्कं खुराडं

कुडाच्या भिंतीला भोक पाडून रानमांजराने आणखी एक कोंबडी नेली, तशी ठकीने नवऱ्याला, शुक्राला बजावलं, की बाकीच्या गेल्या तर गेल्या, पण तांबड्या कोंबड्याला धक्का लागता कामा नये. तो वाघदेवाला नवसाने बोललेला होता आणि देवाचा सण, वाघबारस, तोंडावर आली होती.

"देवाचा घास मांजराने खाल्ला, तर देवाला तोंड कोण दाखवणार? मी नाय."

आता तलासरीकडच्या त्या पाड्यात शुक्रासारखे सापळे करणारा दुसरा कोणी नव्हता. गडी ईर्षेला पेटला. डहाणूच्या बाजारातून जाळी आणली, जाड बांबू तोडले, तळाला दगड बसवले. हौसेपायी खुराडं एवढं ऐसपैस झालं, की आत बकरीही मावली असती. दाराची तर कमालच! आतल्या फळीवर कोंबड्याएवढं वजन पडलं की दार धाडकन खाली आणि बाहेरून खिट्टी आपोआप बंद. शेजारच्या काकड्याने डोकं खाजवत विचारलं, की आतून उघडायचं कसं? शुक्राला त्याची कीव आली.

"आतून कशाला उघडायचंय? कोंबडीला काय कामाला जायचंय?"

संध्याकाळी शेजारच्या पाड्यावर तारपा वाजू लागला. ठकीसकट सगळे नाचायला गेले, शुक्रा एकटा मागे राहिला. तांदळाच्या कण्या टाकल्यावर हलक्याफुलक्या कोंबड्या निमूट आत शिरल्या. तांबडा मात्र दारातच अडून बसला. शुक्राने आधी गोंजारलं, मग शिव्या घातल्या, शेवटी कण्या घेऊन स्वतःच आत रांगत गेला. गुडघा पडला तो नेमका फळीवर.

दार पडलं. खिट्टी बसली. तांबडा उडून छपरावर, बरोबर शुक्राच्या डोक्यावर जाऊन बसला.

शुक्राने दार हलवलं, लाथा मारल्या. पण काम पक्कं होतं आणि हात त्याचेच होते. तारप्यापुढे त्याची हाक कोणाला ऐकू जाणार? अंधार पडल्यावर मांजर आलं. छपरावरच्या कोंबड्याकडे बघून ते दबा धरून बसलं, तसा बिचारा शुक्रा जिवाच्या आकांताने ओरडत सुटला. थांबला की मांजर पुढे सरके, म्हणून पहाटेपर्यंत बोंबलतच राहिला.

उजाडता उजाडता नाचणारे परतले. छपरावर तांबडा ऐटीत आरवत होता आणि खाली कोंबड्यांच्या घोळक्यात शुक्रा बसला होता, अंगभर पिसं, घसा पार बसलेला. सगळा पाडा पोट धरधरून हसला. ठकीने आधी कोंबड्याचं एकेक पीस तपासलं.

"मांजर आलं होतं?"

शुक्राने मान डोलावली.

"आणि तू ओरडून हाकललंस?"

शुक्राने पुन्हा मान डोलावली. ठकीला नवऱ्याचं मनापासून कौतुक वाटलं. तिने खिट्टीला हात घातला, आणि मग तो तसाच मागे घेतला.

"भाकर इथंच आणून देते," ती म्हणाली. "वाघबारशीपर्यंत आतच ऱ्हा."