भिंगरीच्या वतीने

भिंगरीने परवानगी मागितली तेव्हा तिचे वडील एका पायात मोजा घालून दुसरा मोजा शोधत होते. ते लिफ्ट निरीक्षक होते. शहरातली कोणतीही लिफ्ट त्यांनी स्वतः आत चढून वरखाली केल्याशिवाय सुरक्षित ठरत नसे, आणि या अधिकाराची जाणीव त्यांना घरीही, अगदी मोजा शोधतानासुद्धा असे.

“बाबा, मी आणि टिटवी बेटनगरी खेळू?”

टिटवी ही भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण. शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या, एकीला शिंक आली की दुसरी नाक पुसायची. मग टिटवीच्या वडिलांची दुसऱ्या गावी बदली झाली आणि बाक अर्धा रिकामा झाला. फोनवर बोलायला काही दोघींना जमेना. “काय करतेस?” “काही नाही,” एवढ्यावरच गाडी अडायची. आठ वर्षांच्या माणसांना गप्पा मारायच्या तर हाताला काहीतरी उद्योग लागतो. बेटनगरीत तो होता. इंटरनेटवर कुठकुठली मुलं शेजारशेजारची बेटं घेतात, घरं बांधतात, बोटी वल्हवतात आणि बोलता बोलता एकमेकांची घरं पाडतात. दोघींचं ठरलं होतं, लागून लागून बेटं घ्यायची आणि मधे पूल बांधायचा.

“टिटवीपण आजच विचारणार आहे तिच्या बाबांना,” भिंगरी म्हणाली.

भिंगरीची आई परिचारिका होती. दिवसभर लोकांना सुया टोचून आल्यामुळे घरी तिचं बोलणं थोडक्यात असे. “खेळू दे की अर्धा तास. आणि तू शेजारी बस तिच्या.”

“शेजारी बसून काय कळणार? लिफ्टच्या शेजारी उभं राहून लिफ्ट तपासतात का?”

“मग नाही म्हणून टाक.”

“कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही,” निरीक्षक म्हणाले, “आणि तपासणीशिवाय कारण देता येत नाही.”

तेवढ्यात दुसरा मोजा सापडला आणि विषय प्रलंबित राहिला.

खाली उतरताना लिफ्टमध्ये त्यांना निवृत्त मुख्याध्यापिका भेटल्या. त्यांचा नातूही त्याच खेळासाठी हटून बसला होता. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांकडे जुळी मुलं होती, म्हणजे तिथे हट्टही जोडीने चालला होता. एका घराने हो म्हटलं तर बाकीच्या घरांत “तिला कसं मिळतं मग?” सुरू होणार, आणि एका घराने नाही म्हटलं तर त्या घराला जुनाट म्हणणार. तेव्हा निर्णय कोणा एकाने न घेता सगळ्यांनी मिळून न घेतलेला बरा, असं लिफ्ट तळाला पोचेपर्यंत ठरलं. अशा रीतीने ‘बालक बेटनगरी प्रवेश विचार समिती’ जन्माला आली. समितीचा पहिला ठराव असा झाला की, निर्णय होईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी.

“जैसे थे म्हणजे काय?” भिंगरीने विचारलं.

“म्हणजे तूर्त खेळायचं नाही.”

“मग तसं म्हण ना.”

“तसं म्हटलं तर तो निर्णय होतो, बाळा.”

दवाखान्याची वेळ संपली की समिती दंतवैद्यांच्या बाहेरच्या खोलीत बसायची. तिथे हिरड्यांचं चित्र होतं, बूड घासून गुळगुळीत झालेल्या खुर्च्या होत्या आणि दात घासायचं शिकवण्यासाठी ठेवलेला एक मोठा प्लॅस्टिकचा जबडा होता. अध्यक्षपदी आलेल्या मुख्याध्यापिका गडबड वाढली की तो जबडा दोनदा खटखट वाजवायच्या. मग सगळे गप्प. दुसऱ्या मजल्यावरचे विमावालेकाका म्हणाले, या खेळाने मुलांचे डोळे जातात. कुणाचे गेले, असं विचारल्यावर ते म्हणाले, जातात म्हणे. दंतवैद्य म्हणाले, खेळात अनोळखी लोक येऊन मुलांशी गोड बोलतात. कुणाशी बोलले, असं विचारल्यावर तेही म्हणाले, बोलतात म्हणे. जबडा वाजला.

तेव्हा निरीक्षक उठले. “नुसत्या म्हणे-म्हणेवर मी आजवर एक लिफ्ट बंद केली नाही की चालू केली नाही,” ते म्हणाले. “आत शिरून बघितलं पाहिजे. आणि मोठी माणसं म्हणून शिरलो तर सगळे सावध होतील. मुलांच्या वतीने, मुलांच्या नावाने, मुलं म्हणूनच गेलं पाहिजे.”

टाळ्या पडल्या. त्याच बैठकीत सगळ्यांनी फोनवर खेळ घेतला. मुख्याध्यापिका ‘बबडू, वय सात’ झाल्या. दंतवैद्यांनी आपल्या दोन्ही मुलांची नावं घेतली आणि दोन फोनवर दोन्ही हातांनी खेळू लागले. निरीक्षक ‘भिंगरी’ झाले. तपासणीसाठी आठवडा पुरेल असा अंदाज होता.

आठवड्याने समितीच्या असं ध्यानात आलं की, बोट नसेल तर दूरच्या बेटांची तपासणी होत नाही. बोटीसाठी लाकूड लागतं, लाकडासाठी जंगल लागतं, जंगलात अस्वलं असतात. मुदत वाढवून घ्यावी लागली. मुख्याध्यापिकांनी कुंपणाच्या मजबुतीचा अभ्यास हाती घेतला, म्हणजे त्या इतरांची कुंपणं उडवून बघू लागल्या. विमावालेकाका रोज बुडायचे आणि रोज बुडवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. दंतवैद्य तर रुग्णाच्या तोंडात यंत्र ठेवून म्हणायचे, “आ तसाच राहू द्या हं, माझ्या गोदामाला आग लागलीय.”

घरी भिंगरी वडिलांच्या खांद्यावरून वाकून बघायची.

“बाबा, हे माझं बेट आहे?”

“तुझ्या वतीने आहे.”

“मी एक झाड लावू?”

“तपासणी चाललेल्या लिफ्टमध्ये कुणी बसतं का? सरक बघू, उजेड अडतोय.”

ती सरकायची. पण तिला आशा होती, कारण शेजारच्या बेटावर टिटवी आली होती. “तिच्या बाबांनी लगेच हो म्हटलं वाटतं,” भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात हेवा होता, पण आनंदही होता, आणि आनंद जास्त होता. “तिला सांग ना, मीपण येणार आहे.”

निरीक्षकांनी ते सांगितलं नाही, कारण बेटावर भिंगरी तर ते स्वतःच होते. पण टिटवीशी त्यांचं चांगलंच जमलं. पोरगी भलतीच चलाख होती. छपराला उतार किती द्यावा, खांब कुठे रोवावा, पुलाला मधे आधार का हवा, तिला सगळं ठाऊक. एवढ्याशा मुलीची समज पाहून निरीक्षक चकित व्हायचे आणि जेवताना भिंगरीला म्हणायचे, “टिटवी बघ जरा! नाहीतर तू!”

भिंगरी ताटात बघत राहायची.

मग संशयित सापडला. ‘सशाची शेपूट, वय सहा’ या नावाने कुणीतरी बबडूच्या बेटावर येऊन गोड गोड प्रश्न विचारू लागलं होतं. आई-बाबा घरी असतात का? रोज किती वेळ खेळतोस? इथे कुणी मोठी माणसं तुझ्याशी बोलतात का? समितीच्या अंगावर काटा आला. सापळा लावायचं ठरलं. बबडूने सशाच्या शेपटीला दीपगृहावर एकट्याने भेटायला बोलावलं, आणि सशाची शेपूट तत्काळ कबूल झाली, त्यामुळे संशय पक्का झाला. ठरल्या वेळी बबडूच्या मागे झुडपात सगळी समिती बोटींसह दडून बसली. सशाची शेपूट आली. तिच्या मागच्या झुडपातूनही बोटी बाहेर आल्या.

“मोठी माणसं असून लहान मुलांची नावं घेता? लाज नाही वाटत?” बबडूने लिहिलं.

“हेच आम्ही तुम्हाला विचारणार होतो,” सशाच्या शेपटीने लिहिलं. “आम्ही चौकशी समिती आहोत.”

“आम्हीही!”

“कुठल्या इमारतीची?” बबडूने विचारलं.

“दंतवैद्यांच्या दवाखान्यासमोरची.”

दंतवैद्यांनी खिडकीचा पडदा सरकवला. रस्त्यापलीकडच्या इमारतीत, समोरच्याच खिडकीत एक जाडजूड गृहस्थ फोन घेऊन उभे होते. त्यांनी संकोचाने हात हलवला. मुख्याध्यापिकांनी चुकून जबडा हलवला.

त्यानंतर दोन्ही समित्यांनी मिळून एकेक बेट पालथं घातलं. मागच्या गल्लीतली पालक संघटना निघाली, एका शाळेचे सगळे शिक्षक निघाले, मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या एक बाई निघाल्या. त्या गलबतांची टोळी चालवत होत्या. मूल काही निघालं नाही. सगळी मुलं आपापल्या घरी निर्णयाची वाट बघत होती.

निष्कर्ष साफ होता आणि तो एकमताने मंजूर झाला. बेटनगरी मुलांसाठी असुरक्षित आहे, कारण तिथे मोठी माणसं फार आहेत. ती मुलांची नावं घेतात, शिव्या देतात, घरं जाळतात आणि जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत.

“मग निघा की बाहेर,” भिंगरीची आई म्हणाली. “तुम्ही सगळे निघालात तर उरतंय कोण तिथे?”

“आम्ही निघालो तर तिथे लक्ष कोण ठेवणार?”

“कुणावर लक्ष?”

“आमच्यावर,” निरीक्षक म्हणाले, आणि समितीला बेमुदत वाढ मिळाली.

मात्र त्या दिवशी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी शेजारच्या बेटावर जाऊन विचारलं, “टिटवी, तू खरंच टिटवी आहेस ना?”

 उत्तर आलं, “आधी तू सांग. भिंगरीच ना?”

एवढ्यावर दोघा बापांना सगळं उमगलं. टिटवीचे वडील पूल बांधणाऱ्या खात्यात इंजिनिअर होते. खांबाची अक्कल त्यांची होती. तिकडेही समिती होती, तिकडेही जैसे थे होतं. दोघांना हसू आवरेना. शाळेच्या फाटकाशी इतकी वर्षं नुसती मान हलवली, आणि माणूस असा हिरा निघाला! प्रत्यक्ष भेटायचंच, असं ठरलं. सुट्टीच्या दिवशी, दोन्ही गावांच्या मधल्या एका गावी, बसस्थानकासमोरच्या चहाच्या दुकानात.

निरीक्षक सकाळी निघाले तेव्हा भिंगरी दारात बूट घालून तयार होती. तिने वेणीही स्वतःच घातली होती, वाकडी.

“टिटवीच्या बाबांना भेटायला चाललास ना? टिटवीपण येईल?”

“नाही गं. समितीचं काम आहे, दोन समित्यांची बैठक आहे. मुलांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. तुला आत्ताच नेलं तर निर्णयावर दबाव येईल.”

आईने भिंगरीच्या बुटांचे बंद सोडले. 

भेट झकास झाली. पुढच्या पुलाचं झालं, बोटीचं झालं, सशाची शेपूट आता कुंपणं पाडतेय त्याचं झालं. चहावर चहा झाले. दुकानदाराकडून त्यांनी दोघांचा फोटो काढून घेतला. बसमध्ये चढताना टिटवीच्या वडिलांनी मिठी मारली आणि म्हणाले, “असा मित्र मिळायला भाग्य लागतं.” निरीक्षकांचे डोळे पाणावले.

ते घरी पोचले तेव्हा भिंगरीनेच दार उघडलं.

“टिटवी कशी आहे, बाबा? तिचा पुढचा दात पडला? तिला तिकडे कुणी मैत्रीण मिळाली?”

निरीक्षकांनी दिवसभराच्या गप्पा आठवून पाहिल्या. टिटवीचा विषय निघालाच नव्हता. तिकडच्या गृहस्थांनीही भिंगरीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.  आपण दिवसभर कुठे होतो, हे त्यांना एकदम लख्ख दिसलं आणि ते बघवेना.

“मजेत आहे,” ते म्हणाले. “खूप मजेत आहे टिटवी.”

“माझी आठवण काढत होती?”

“हो तर.”

भिंगरीने मान डोलावली. मग जरा विचार करून, अगदी साध्या कुतूहलाने तिने विचारलं, “बाबा, तू लहान होतास तेव्हा तुझ्याऐवजी कोण खेळायचं? आजोबा?”

निरीक्षकांना उत्तर सुचेना. समितीला विचारावं तर समिती त्या वेळी बेटावर होती, आणि खिशातला फोन थरथरत त्यांनाही बोलावत होता. तुम्हाला काही सुचत असेल तर तुम्ही सांगा. भिंगरीला सांगायला इतक्या लांब यायची गरज नाही. हे वाचत असताना तुमच्या कोपरापाशी जे कुणी केव्हापासून ताटकळत उभं आहे, त्यालाच सांगितलंत तरी चालेल. फक्त “दोन मिनिटं थांब” म्हणू नका. मुलं तेवढ्यात मोठी होतात, आणि मग तीही समितीवर येतात.