चष्म्यांचं झाड

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळीच चष्मेवाल्यांचा चष्मा हरवला. लोकांच्या नाकावर चष्मे बसवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्याच नाकावर चष्मा नाही, ही गोष्ट काही चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. त्यांनी उशीखाली पाहिलं, आरशामागे पाहिलं, शर्टाचे खिसे उलटेपालटे केले. पाहिलं म्हणजे चाचपलं. चष्मा शोधायला आधी डोळ्यांवर चष्मा लागतो, ही या वस्तूची मोठीच खोड आहे.

"अगं, माझा सोनेरी चष्मा पाहिलास का?" त्यांनी जिन्याखालून हाक मारली.

"मला आता काहीही विचारू नका! आणि वर येऊ नका!" वरून बायकोचा आवाज आला.

शेवटी त्यांनी गल्ल्याच्या खणातून वडिलांचा जुना, जाड भिंगांचा वाचायचा चष्मा काढून लावला. त्यांना कमी दिसायचं लांबचं आणि हा चष्मा होता जवळचा. त्यामुळे हाताच्या तळव्यावरच्या रेषा तेवढ्या मोजता येत होत्या, बाकी सगळं जग उकळत्या किटलीपलीकडे असल्यासारखं दिसत होतं. पण आजचा एक दिवस तर काढायचा होता.

खाली दुकान, दुकानामागे दुरुस्तीची खोली आणि वर घर, असा त्यांचा संसार. आज संध्याकाळी वरच्या घरात बायकोची मोठी बहीण यायची होती. या ताईंचं एक होतं. दर नाताळला त्या यायच्या, दारातच थांबायच्या, डोळे बारीक करून सगळीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "धाकटे, तुझ्या घरात सगळं कसं पुसट पुसट वाटतं गं." झालं! आठवडाभर राबलेली बायको मग नाताळभर तोंड पाडून बसायची. ताईंच्या स्वतःच्या घरी परातीएवढ्या चांदण्या आणि भोपळ्याएवढे लाल गोळे टांगलेले असत. त्यापुढे धाकटीची नाजूक कागदी फुलं ती काय टिकणार!

यंदा मात्र बायकोनं चंगच बांधला होता. "कुणाच्या घरी नसेल असं झाड करते की नाही बघा," असं म्हणून तिनं दुकानातली घडीची शिडी वर नेली होती. आणि काल चष्मेवाल्यांनीच तिला उदार मनानं सांगितलं होतं, "मागच्या खोलीत खालच्या फळीवर पडीक चष्म्यांचं खोकं आहे. लोक विसरून गेलेले आहेत सगळे. खुशाल घे."

दुपारी बायकोनं त्यांना वर बोलावलं आणि पडदा बाजूला केला.

चष्मेवाल्यांना दिसलं ते असं: खोलीच्या मधोमध काहीतरी हिरवं, उंच, त्रिकोणी उभं होतं आणि त्यावर खालपासून वरपर्यंत काहीतरी लुकलुकत होतं. टोकाला काहीतरी सोनेरी होतं. भिंतींवर उजेडाचे गोल गोल ठिपके हलत होते. त्यांना नीट काही उमगलं नाही, पण छातीत एकदम भरून आलं.

"शिडीला हिरवा कपडा गुंडाळला आणि मागून दिवे सोडले," बायको म्हणाली. "प्रत्येक काचेतून उजेड पडतोय बघा. नावाच्या चिठ्ठ्या होत्या चष्म्यांना, त्या सोडवल्या आणि भिजवून लगदा केला. दारात तो बर्फाचा म्हातारा आहे ना, स्नोमॅन, तो त्याचाच."

"वा! झकास!" चष्मेवाले म्हणाले. पडीक चष्म्यांना चिठ्ठ्या कशाला असतील, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

"एकच सांगते," बायकोचा आवाज हळवा झाला. "ताई येऊन बघेपर्यंत कुणी या झाडाला बोट लावायचं नाही. यंदा तिनं नाक मुरडलं ना, तर मी पुन्हा कध्धी सजावट करायची नाही."

"माझी जबाबदारी!" म्हणून चष्मेवाले छाती पुढे काढून खाली उतरले. खाली बसड्रायव्हर उभा होता.

"माझा चष्मा झाला ना तयार? संध्याकाळी ड्युटी आहे. चष्म्याशिवाय मला स्टॉपसुद्धा दिसत नाही, मग माणसं कुठली दिसायला!"

"परवाच झालाय," म्हणत चष्मेवाल्यांनी तयार चष्म्यांचं वरच्या फळीवरचं खोकं खाली ओढलं. धुळीचा लोट उठला. एक चष्मा हातात घेतला, त्याची एक काडी गायब. दुसऱ्याला काच नाही. तिसऱ्यात कोळ्यानं घर केलेलं. आणि मग चष्मेवाल्यांना आठवलं. परवा छत गळायला लागलं, तेव्हा तयार चष्मे भिजू नयेत म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी ते खालच्या फळीवर ठेवले होते आणि पडीक वर. स्वतःच्या हातांनी! म्हणजे गावातल्या अर्ध्या लोकांची नजर या घडीला वर शिडीवर लटकत होती.

"जरा बसा हं," ते ड्रायव्हरला म्हणाले आणि चोरपावलांनी जिना चढले. झाडाजवळ जाऊन हात लांब करतात न करतात तोच मागून आवाज आला, "काय चाललंय?"

"अगं... एकच काढतो. खालच्या बाजूचा."

"का?"

"ड्रायव्हरचा आहे."

"पडीक आहेत म्हणालात ना?"

चष्मेवाल्यांनी सगळं सांगितलं. बायको मटकन खुर्चीवर बसली. "म्हणजे हे सगळे परत द्यायचे? आत्ता? मग झाडावर राहणार काय, शिडी?"

"चिठ्ठ्या कुठायत, ते आधी सांग. कुणाचा कुठला हे तरी कळेल."

बायकोनं दारातल्या बर्फाच्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला. म्हाताऱ्याच्या पोटात सगळ्यांची नावं होती, पण म्हातारा बोलणार थोडाच!

तिचे डोळे भरून आलेले पाहून, म्हणजे तिचं नाक ओढणं ऐकून, चष्मेवाल्यांना गलबलून आलं. "हे बघ, झाड रिकामं होऊ द्यायचं नाही, हा माझा शब्द. चष्मा न्यायचा त्यानं त्याच्या जागी काहीतरी लटकवायचं. नाही तर चष्मा मिळणार नाही!"

असा नवाच नियम निघाला. ड्रायव्हर वर आला आणि झाडावरचे चष्मे एकेक करून डोळ्यांना लावून बघायला लागला. "हा नाही... हा नाही... अरे बापरे, यात तर तुम्ही दोन दिसताय... हां, हाच!" आणि त्यानं बदल्यात आपली टोपी शिडीवर अडकवली. मागोमाग शिंपीणबाई आल्या. त्यांनी गळ्यातली मोजायची फीत काढून झाडाला वरपासून खालपर्यंत वेटोळी घातली. न्हाव्यानं कंगवा लटकवला. सुताराच्या कानावर पेन्सिल होती, ती त्यानं दोऱ्याला बांधली. बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो! थोड्याच वेळात जिन्यावर रांग लागली. जो तो झाडापुढे उभा राहून चष्मे लावतोय, काढतोय, शेजाऱ्याला विचारतोय, "हा माझा वाटतो का हो?" आणि शेजाऱ्याला तरी कुठे दिसतंय! शिंपीणबाई न्हाव्याचा चष्मा लावून निम्म्या जिन्यापर्यंत गेल्या आणि पायऱ्या वर आल्यासारख्या वाटतात म्हणून परत आल्या.

या सगळ्या गोंधळात बायको कपडे बदलायला आत गेली आणि जाताना बजावून गेली, "ताई आली की आधी तिला चांगल्या खुर्चीत बसवा!"

तेवढ्यात दारात एक ठसठशीत, जांभळी आकृती उभी राहिली. चालण्यात दरारा, आवाजात जरब. "बाजूला व्हा! ही काय रांग आहे?"

ताई! दुसरं कोण असणार? चष्मेवाले लगबगीनं पुढे झाले. "या, या! आम्ही वाटच बघत होतो. इथं बसा, चांगल्या खुर्चीत. केक घ्या."

"मी चष्म्यासाठी आले आहे," आकृती म्हणाली. या होत्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, पण ते आपल्याला माहीत. चष्मेवाल्यांना नाही.

"कळलं वाटतं तुम्हाला आधीच! हो, यंदा झाड चष्म्यांचंच केलंय. कसं वाटलं?"

"मला काहीही दिसत नाही," बाई ठणकावून म्हणाल्या.

चष्मेवाल्यांच्या हातातली केकची बशी तशीच राहिली. दरवर्षी निदान पुसट तरी दिसायचं, यंदा काहीच नाही! इतक्या वर्षांचा राग एकदम उफाळून आला. "झालं तुमचं सुरू! काय म्हणावं तुम्हाला! ती बिचारी आठवडाभर खपतेय. का, तर मोठ्या बहिणीनं एकदा छान म्हणावं. दुसरं काही मागत नाही ती. आणि तुम्ही दरवर्षी येता, केक खाता आणि तिला रडवून जाता! जीभ झडते का हो तुमची चांगलं म्हणताना?"

मुख्याध्यापिकाबाईंना उभ्या आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. "अहो, पण मला खरंच दिसत नाही," त्या चक्क विद्यार्थिनीच्या आवाजात म्हणाल्या.

"दिसेल, दिसेल. जरा प्रेमानं बघा, म्हणजे दिसेल!" चष्मेवाले गर्रकन वळले. रांगेत शेवटी आणखी एक बाई उभ्या होत्या. अगदी स्तब्ध. "माफ करा हं काकू, तुमच्यासमोर ही घरची भानगड. आमच्या मेहुणीबाई आहेत. दरवर्षीचंच आहे. तुमचा चष्मा द्यायचा राहिला ना?"

"मला... मला चष्मा नाही लागत," काकू कशाबशा म्हणाल्या.

"सगळे असंच म्हणतात. आणि मग बसच्या पाट्या बारीक लिहितात म्हणून ओरडतात." चष्मेवाले शिडीवर चढले. "खालचे बरेचसे गेले. आता हा टोकावरचाच तुमचा असणार." हाताला तो चष्मा ओळखीचा लागला, पण दुकानातले सगळेच चष्मे त्यांच्या हाताला ओळखीचे होते. खाली उतरून त्यांनी तो पुसला आणि नेहमीच्या सवयीनं स्वतःच काकूंच्या नाकावर बसवला. "हं. आता बघा झाडाकडे."

काकूंनी बघितलं. कितीतरी वेळ त्या बघतच राहिल्या.

आतून बायको आली आणि किंचाळली, "ताई! कधी आलीस?"

ती धावली ती चांगल्या खुर्चीकडे नव्हे, तर काकूंकडे. शिडीला धरावं म्हणून चष्मेवाल्यांनी हात टाकला, तर हाती आली ती ड्रायव्हरची टोपी. ती त्यांनी डोक्यावर घातली. दुसरं काय करावं हे त्यांना सुचेना.

ताई मात्र त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी धाकटीची हनुवटी धरली आणि चेहरा दिव्याकडे वळवला. "अगं, तुझ्या केसांत पांढरे कधी आले? आणि डोळ्यांखाली हे काय? किती वाळलीस गं धाकटे!"

"कधीचे आहेत, ताई."

"मला कुणी सांगितलं नाही." मग त्या झाडाकडे वळल्या. उरलेल्या काचा लुकलुकत होत्या, मध्ये कंगवा होता, पेन्सिल होती, फितीवरचे आकडे दिव्यात चमकत होते. ताई जवळ गेल्या, लांब आल्या, पुन्हा जवळ गेल्या. "हे सगळं तू केलंस? एवढं बारीक बारीक? आणि दरवर्षी करतेस?"

बायकोला रडू फुटलं, ताईंनाही फुटलं. मुख्याध्यापिकाबाईंनी हाती लागेल तो चष्मा लावला आणि खुर्चीतून विचारलं, "मी आता जाऊ का?"

निघताना ताई दारात थांबल्या आणि चष्मेवाल्यांकडे रोखून बघत म्हणाल्या, "भावोजी, मघाशी बोललात ते सगळं ऐकलं मी." चष्मेवाल्यांनी टोपी हातात घेतली. "म्हणून हा चष्मा मी नेतेय. नाताळची भेट समजते."

"न्या की, तुमचाच आहे," चष्मेवाले सुटकेनं म्हणाले.

ताई जिना उतरून गेल्यावर बायको हळूच म्हणाली, "अहो, तो तुमचा होता. सोनेरी. घरात चांदणी नव्हती ना, म्हणून सकाळी तुमच्या उशाशी होता तो टोकाला लावला. संध्याकाळी देणारच होते."

चष्मेवाले दारातल्या अंधुक जिन्याकडे बघत राहिले. दुसरा करायचा म्हटलं, तर काचा घासून देणारा कारखाना सुट्टीनंतर उघडणार होता. "हाक मारू का तिला?" बायकोनं विचारलं, पण अशा सुरात, की त्यांनी नाहीच म्हणावं.

"छे गं. जाऊ दे," ते म्हणाले. "मला फक्त सांग, झाड कसं दिसत होतं?" आणि बायकोनं त्यांना शेजारी बसवून ते झाड पायरी पायरीनं सांगितलं.

नाताळच्या सकाळी फोन वाजला. ताईंचा आवाज घाबराघुबरा होता. "धाकटे, माझ्या घरात हे परातीएवढं काय काय टांगलंय? कुणी लावलं हे?"

"तूच, ताई."

मग ताई म्हणाल्या, "ताबडतोब ये. येताना ती शिडी घेऊन ये."

म्हणून भर नाताळात शिडीचं पुढचं टोक बायकोच्या खांद्यावर आणि मागचं चष्मेवाल्यांच्या, अशी वरात रस्त्यानं निघाली. बायको पुढे गुणगुणत चालली होती. वर्षानुवर्षं नाताळात ती अशी गुणगुणली नव्हती.

"पायरी आहे हं," तिनं मागे वळून सांगितलं.

"दिसतेय, दिसतेय," असं म्हणत चष्मेवाले तिच्यावर ठेचकाळले.