गाण्याची घुसखोरी

अकोल्याच्या जठारपेठेत आमच्या शेजारी राहणारे वसंतदादा गाण्यांवर घुसखोरीचा आरोप करतात. समोरच्या मंगल कार्यालयाचा भोंगा सुरू झाला, की ते गच्चीवरून ओरडतात, ‘‘माह्या घरात शिराची परवानगी घेतली काय रे या गान्यानं?’’

यामागे जुना वाद आहे. दादा घरगुती व्हिडिओंचे एक चॅनल सांभाळतात. वांग्याचे भरीत, गच्चीवरच्या कुरडया, मुंगवड्या. मागे कुठेतरी रेडिओ किंवा वरातीचा बँड वाजत असतो. गाण्याचे हक्क असलेली कंपनी तक्रार करते आणि दादा पेटून उठतात. ‘‘मी गान्याच्या घरी नाही गेलो, गानं माह्या घरी आलं!’’

अशा तक्रारींवरच्या त्यांच्या हरकती मी इंग्रजीत लिहून देतो. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. आणि भांडण्यापेक्षा क्षमा मागणे मला नेहमीच सोपे गेले आहे. एकदा मी ‘नम्र विनंती’ असे लिहिताच ते कडाडले, ‘‘सर, विनंती काहून करून राहिले? आपन काय गानं इकून राहिलो? भाजी परतताना कानावर पडलं, तेवढंच. सांगा त्यायले!’’

परवा मात्र प्रकरण गंभीर होते. भरिताच्या व्हिडिओवरची आमची हरकत फेटाळली गेली होती. पुन्हा दाद मागून हरलो, तर व्हिडिओ जाणार आणि चॅनलवर ठपका येणार. मी हळूच म्हणालो, ‘‘दादा, आवाज काढून टाकू. वाद मिटेल. चित्र तर राहील.’’

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि आवाज बंद केला. गेल्या वर्षी वारलेल्या त्यांच्या पत्नी, कुसुमवहिनी, भरिताला फोडणी देत होत्या. ओठ हलत होते. चॅनल मुळात वहिनींचेच होते, नावही वहिनींचेच.

‘‘पाहा सर. हे बाई जित्तेपनी एक मिनिट तरी गप बसली काय? अन् आता मी इले मुकी करू?’’

माझा सल्ला शहाणपणाचा होता की नुसताच भित्रा, हे मला ठरवता येईना.

दादांनी आवाज सोडला. बँडच्या गोंगाटातून वहिनींचा चढा स्वर आला, ‘‘अवो, शूटिंग काय करून राहिले? कढई धरा ना, हालून राहिली!’’

‘‘धरतो ना वो, धरतो,’’ दादा हलकेच मोबाइलला म्हणाले, आणि त्यांनी दाद मागण्याचे बटण दाबले.