एक गॅलन आणि गुणाजीमामांची थोरली

मोटारगाडीच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे शब्द! निदान त्या रविवारच्या सकाळपर्यंत तरी होता.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. दोन माणसं भेटली की एकच विषय, मुंबई आपल्याला मिळणार की नाही! मी मात्र जाईन तिथे दुसराच वाद उकरून काढायचो. तुमची गाडी गॅलनला किती मैल देते? कारण मी गिरगावातल्या एका मोटारींच्या शोरूममध्ये विक्रेता होतो. टाय बांधायचो! नव्या छोट्या गाड्या नुकत्याच रस्त्यावर दिसू लागल्या होत्या आणि त्यांची सगळी माहिती मला रामरक्षेसारखी पाठ होती. "गॅलनला पस्तीस मैल!" हे वाक्य मी इतक्यांदा म्हणायचो, की आई एकदा वैतागून म्हणाली, "शरच्चंद्र, अरे निदान जेवताना तरी गॅलन नको रे!"

माझं हे ज्ञान जगात फक्त एका माणसाला पटत नव्हतं. आणि नेमकं त्याच माणसाला पटायला हवं होतं!

लालबागचे गुणाजीमामा. आईच्या गावचे, म्हणून मामा. त्यांची एक जुनी अमेरिकन गाडी होती. लग्नसराईत भाड्याने द्यायचे, एरवी चाळीच्या तोंडाशी उभी. गाडी कसली, चार चाकांवरची खोली! गॅलनला दहा मैल, तेही तिची मर्जी असेल तर. मामांच्या घरात ती गंगूमामींच्या आधी दोन वर्षं आलेली. त्यामुळे अख्खी चाळ गाडीला "थोरली" म्हणायची आणि मामींना "धाकटी"! मामींना हे अजिबात आवडायचं नाही. पण मामा रोज सकाळी आधी थोरली पुसायचे आणि मग चहा प्यायचे, त्यामुळे बोलणार तरी काय?

थोरलीचा अजून एक रिवाज होता. ती धक्क्याशिवाय सुरू व्हायची नाही. पण धक्का द्या म्हणून मामांना कधी कोणाला सांगावं लागलं नाही. लालबागेतली निम्मी बाळं आईच्या पोटात असताना या गाडीतून हॉस्पिटलात गेलेली. अडल्यानडल्याकडून मामांनी कधी भाडं घेतलं नाही. त्यामुळे थोरली उभी दिसली की गिरणीतून सुटलेला माणूससुद्धा डबा काखेत मारून पाठीमागून दोन हात लावायचा, आणि मगच घरी जायचा.

आणि मामांना एक मुलगी होती. शेवंती. म्युनिसिपल शाळेत शिकवायची. तिला मी पसंत होतो. मला तर ती इतकी पसंत होती, की तिच्याशी बोलताना मी गॅलन विसरायचो! मामींचीही ना नव्हती. अडलं होतं ते मामांपाशी.

एका संध्याकाळी धीर करून मी विषय काढला. पण जीभच ती! आधी गाडीवर घसरली.

"मामा, थोरली विकून टाका. नवी घ्या. गॅलनला पस्तीस मैल देते!"

"कोण सांगता?"

"मी सांगतो!"

"तू ती विकतंस, म्हणान सांगतंस." मामांनी पानाला चुना लावला. "माका एक सांग. गाडीबद्दल जो खोटा सांगता, तो बायकोक काय खरा सांगतलो?"

"खोटं? मामा, माझा शब्द म्हणजे शब्द!"

"मगे दाखव! ह्या रविवारी दोनय गाडयेंत एकेक गॅलन घालूया. लालबाग ते शिवाजी पार्क. थय पोचल्यावर जिच्या टाकीत जास्त उरात ती जिंकली. तुझी जिंकली तर मी तुझी गाडी घेतंय आणि माझा चेडू शेवंती तुका देतंय. हरलंस तर ह्या चाळीची पायरी चढायची नाय!"

दाराआड बांगड्या वाजल्या. मामी हळूच म्हणाल्या, "जिंक रे बाबा! इतकी वर्सां ही सवत माझ्या दारात उभी आसा!"

मी तर मनात मुंडावळ्याच बांधल्या! पस्तीस विरुद्ध दहा! यात हरायचं म्हटलं तरी कसं हरणार?

रविवारी शेठजींच्या हातापाया पडून शोरूमची नमुन्याची गाडी आणली. पोपटी रंगाची, डबीएवढी. चाळीसमोर दोन्ही टाक्या नळी लावून रिकाम्या केल्या, दोन्हींत मोजून एकेक गॅलन ओतला. माझ्या गाडीत शेवंती बसेल अशी माझी फार आशा होती. पण मामा पक्के! म्हणाले, "पंच पायजेत. माझ्या गाडयेत तुझ्या बाजून शेवंती. तुझ्या गाडयेत माझ्या बाजून ही." आणि माझ्या शेजारी गंगूमामी येऊन बसल्या, मांडीवर पानांचा डबा घेऊन.

मी चावी फिरवली. फुर्र! पहिल्याच झटक्यात! चाळीतली माणसं "वा!" म्हणाली. मामांनी हँडल मारलं. थोरली ढिम्म. परत मारलं. थोरलीने एकदा खोकून दाखवलं आणि पुन्हा गप्प.

"काय मामा? निघू का पुढे?"

मी निघणार, एवढ्यात मामी किंचाळल्या, "थांब, थांब! दौलतदादा इलो!"

दौलतदादा म्हणजे मामींचे थोरले भाऊ. गावाहून बोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरून थेट चाळीत. एकटे असते तर ठीक. बरोबर तीन फणस, तांदळाचं पोतं, आणि ते सगळं बांधलेला हा जाडजूड सुंभाचा दोर!

"मामी, आपली शर्यत आहे!"

"मगे? गाववाल्याक रस्त्यार सोडून जाऊ? लोक काय म्हणतले?"

फणस मागच्या सीटवर गेले. पोतं टपावर गेलं. दौलतदादा फणसांमध्ये बसले. गाडी एका अंगाला कलली. आणि हे सगळं होईपर्यंत परळच्या दिशेने निघालेला मोर्चा येऊन थडकला!

रविवारी शिवाजी पार्कला सभा आहे, हे अख्ख्या मुंबईला ठाऊक होतं. मला नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त गॅलन!

झेंडे, टाळ, बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, नजर पोचेल तिथवर माणसंच माणसं. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अशी गर्जना झाली की माझ्या गाडीची काच थरथरायची. मोर्चाच्या पुढे एका हातगाडीवर लाउडस्पीकरचा कर्णा होता. तिचं चाक नेमकं चाळीसमोरच निखळलं. एकच गलका झाला. मग माझ्या आणि मामांच्या गाडीमध्ये माणसांची भिंत उभी राहिली. खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं तर कर्णा थोरलीच्या टपावर चढलेला, आणि थोरली डुलत डुलत चाललेली!

"झाली वाटतं सुरू!" मी म्हणालो.

"आवाज नाय इलो तो?" मामी म्हणाल्या.

"या गर्दीत कुठला ऐकू येणार! जाऊ द्या पुढे. जितकी चालेल तितकं पिईल!"

मी खूश होतो. अर्धा तास खूश होतो! मग लक्षात आलं, आपण अजून लालबागेतच आहोत. पुढे माणसं, मागे माणसं, गाडी पहिल्या गिअरमध्ये गोगलगायीसारखी. आणि मामींना प्रत्येक चौकात ओळखीचं कोणी ना कोणी दिसत होतं.

"अगो सुंदराबाई! चलत कित्याक जातंस? ये, बस!"

"मामी, जागा नाही!"

"फणस मांडयेर घेतले की होता."

सुंदराबाई बसल्या. पुढे चप्पल तुटलेले एक आजोबा झेंड्यासकट बसले. डबीत आम्ही पाच माणसं, तीन फणस आणि एक झेंडा! दौलतदादा खिडकीतून डोकं काढून घोषणा देत होते. फणसाचा वास, इंजिनाचा उकाडा आणि सुंदराबाईंचं कोपर मागून माझ्या मानेत. पेट्रोलचा काटा मात्र रांगेत पुढे सरकणाऱ्या माणसासारखा हळूहळू खाली सरकत होता.

परळला एका स्वयंसेवकाने काचेवर टकटक केलं.

"साहेब, इंजिन बंद करा ना! आम्ही ढकलतो!"

मी टाय सरळ केला. "ढकलता? अहो, ही नवी गाडी आहे! हिला धक्का लागत नाही!"

मंडळी, हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं!

दुपार कलली तेव्हा आम्ही शिवाजी पार्कला पोचलो. मैदान माणसांनी फुललेलं. थोरली कट्ट्यापाशी ऐटीत उभी, कर्णा उतरवलेला, बॉनेटवर कोणीतरी झेंडूचा हार घातलेला. मामा पान चघळत होते. शेवंती मात्र पदर तोंडाला लावून खाली बघत होती. मला वाटलं, लाजली!

नळी लावली. माझ्या टाकीतून गॅलनचा डबा निम्मा भरला. मग मामांची पाळी. थोरलीच्या टाकीतून पेट्रोल आलं, येत राहिलं, येतच राहिलं! दुसरा डबा काठोकाठ भरला. पुरता गॅलन!

"मामा! हे कसं शक्य आहे? थेंबसुद्धा कमी नाही!"

"माझी थोरली," मामा शांतपणे म्हणाले, "मुंबयसाठी चलता तेव्हा पेट्रोल पीत नाय."

शेवंतीला हसू आवरेना. "बाबा, सांगा ना खरं! अहो, गाडी सुरूच झाली नाही. लालबागपासून इथपर्यंत लोकांनी ढकलत आणली!"

"म्हणजे इंजिन बंद?" मी ओरडलो. "हा अन्याय आहे!"

"इंजिन चालू होया, असा कोण बोललो?" मामा म्हणाले. "अट काय होती? जिच्या टाकीत जास्त उरात ती जिंकली. शब्द म्हणजे शब्द. तूच बोललं होतंस!"

मैदानात हजारो माणसं मुंबई मिळणारच म्हणून गर्जत होती आणि माझं लालबाग गेलं होतं! मी शेवंतीकडे बघितलं. तिचं हसू मावळलं होतं. तिचे डोळे भरून आलेले बघितले आणि मला पहिल्यांदाच त्या पस्तीस मैलांचा राग आला. आग लागो त्या गॅलनला, म्हटलं!

इतक्यात मामी दचकून उठल्या. "अगो बाय! नळ!"

चाळीत पाणी संध्याकाळी येत असे, आणि घटकाभरात जात असे. ते चुकलं की उद्या सकाळपर्यंत घर कोरडं. शिवाय पाहुणा आलेला!

"चला, चला! गाडी काढा!"

मामांनी काठोकाठ भरलेला गॅलन थोरलीत परत ओतला. हँडल मारलं. ढिम्म. परत मारलं. ढिम्म. सवयीने मागे बघून ओरडले, "अरे, जरा हात लावा रे!"

मागे कोणी नव्हतं. सगळं लालबाग मैदानात बसलेलं, कान भाषणाकडे. त्या दिवशी त्यांना उठवणं म्हणजे पाप!

मामांनी पुन्हा हँडल मारलं. थोरली खोकलीसुद्धा नाही. त्यांचं धोतर घामाने भिजलं. मामी पाण्यावरून जे बोलायला लागल्या ते सवतीवर गेलं, सवतीवरून मामांवर आलं. मला हसायला हवं होतं, पण आलं नाही. मामा बिचारे गाडीच्या मडगार्डवर हात ठेवून उभे होते, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"दौलतदादा," मी म्हणालो, "तो सुंभाचा दोर द्या!"

"फणस सुटतले!"

"सुटू देत!"

दोराचं एक टोक थोरलीला बांधलं, दुसरं माझ्या डबीला. मामा स्टिअरिंगवर बसले. मी अर्धा गॅलन टाकीत ओतला, देवाचं नाव घेतलं आणि क्लच सोडला. दोर ताणला. डबी कण्हली, थरथरली, मागचं टोक खाली बसलं. मग थोरली हलली! पुढे मुंगी, मागे हत्ती, अशी आमची वरात रिकाम्या रस्त्याने दादरहून लालबागला निघाली. सुंदराबाईंनी वाटेत एक फणस फोडायलाही घेतला!

चाळीत पोचलो तेव्हा नळाला धार होती. मामी हंडा घेऊन धावल्या, मागे वळून म्हणाल्या, "बघितलास? आज माझ्या सवतीक दुसऱ्यान घरी आणली!"

मामा खाली उतरले. त्यांनी नळी माझ्या टाकीत सोडली. डब्यात अजून चांगले दोन पेले पेट्रोल पडलं! मामांनी डबा हलवून बघितला, उजेडाकडे धरून बघितला.

"मोर्चात अडाकली, पाच माणसा घेतली, थोरलीक ओढून आणली, तरी उरला?"

"उरलं, मामा."

"मेल्या, मगे आधी ओढून दाखवायचा! मैल कित्याक सांगीत बसलंस?" त्यांनी डबा खाली ठेवला आणि घरात हाक मारली, "शेवंती! च्या टाक. जावयाक साखर जास्त."

मामांनी नवी गाडी नोंदवली. आता गंमत अशी, की नव्या गाडीला वर्षभराची रांग! मी विकतो ती वस्तू मिळतच नाही, हे मी कोणाला सांगत नसे. मामा म्हणाले, गाडी दारात इली की वरात. ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक! पण शेवटी साठ सालच्या मे महिन्यात सगळंच एकदम मिळालं. महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, गाडी आली, आणि आमचं लग्न लागलं! लालबागेत रोषणाई होती. अर्धी राज्याची, अर्धी आमची, असं मी शेवंतीला सांगितलं. तिने मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही.

पाठवणीच्या वेळी मामांनी डोळे पुसले. चाळ पुसत होती, मीही पुसत होतो. मग मामांनी माझ्या हातात एक जुनी चावी ठेवली.

"माझा चेडू तुका दिला," ते म्हणाले, "आणि थोरलीय तुकाच! ही सांभाळशीत तर ती सांभाळशीत."

इतक्या आनंदलेल्या गंगूमामी मी पुन्हा कधी बघितल्या नाहीत!

तेव्हापासून रोज सकाळी शेवंती थोरलीच्या स्टिअरिंगवर बसते आणि मी, टाय खांद्यावर टाकून, मागून. हल्ली गिरगावातले लोकही न सांगता हात लावतात. मला थेट शोरूमपर्यंत सोडतात आणि शेवंती तिथून चालत शाळेला जाते. आत जाऊन मी घाम पुसतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "गॅलनला पस्तीस मैल! माझा शब्द म्हणजे शब्द!"

एखादं खवचट गिऱ्हाईक विचारतंच, "आणि तुमची स्वतःची किती देते हो?"

मी अगदी खरं तेच सांगतो. लग्नात घातलेला गॅलन अजून संपलेला नाही!