टँडमची मागची सीट

दिगंबर खासनीसांनी लोणचं, दही आणि कोशिंबीर बाजूला सरकवली आणि जेवणाच्या टेबलावर दक्षिण फ्रान्स पसरला.

"आधी ती पोळी तर संपवा," मालिनी म्हणाली.

"हे बघ. हा कालवा. तीनशे वर्षांपूर्वीचा. आणि त्याच्या काठानं ही वाट. गाडी नाही, ट्रक नाही, हॉर्न नाही. दोन्ही बाजूंना नुसती प्लेन ट्रीज."

"विमानाची झाडं?"

"अगं, आपल्या चिनाराच्या जातीची! कमान धरतात वर. आणि कालव्याचा कंटाळा आला की ह्या पांढऱ्या बारीक रेघा. गावातले रस्ते. द्राक्षमळ्यांमधून जातात. बर्नार सांगत होता, सबंध दिवसात एक ट्रॅक्टर आणि दोन म्हाताऱ्या भेटतात."

बर्नार हा दिगंबररावांच्या लॅबमधला फ्रेंच केमिस्ट. नकाशा त्याचाच आणि त्यावरच्या पेन्सिलीच्या खुणाही त्याच्याच. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरहून रोज सकाळी रूट वन ह्या हायवेवर गाड्यांच्या रांगेत उभं राहणारे दिगंबरराव त्या खुणांवरची गावं स्तोत्रासारखी म्हणू लागले होते. कास्तेलनोदारी, कार्कासोन, त्रेब, ओम्प. उच्चारांची खात्री बर्नारलाही नव्हती, म्हणजे दिगंबररावांनी केलेल्या उच्चारांची.

खरं सांगायचं तर ह्या वेडाचं मूळ फ्रान्समध्ये नव्हतं, सांगलीत होतं. कॉलेजात असताना दिगंबर रोज संध्याकाळी हरिपूरच्या रस्त्याने सायकल काढायचा. दोन्हीकडे चिंचा, पलीकडे नदी, वाटेत फार तर एखादी बैलगाडी. लग्न झाल्यावर मालिनीला त्याने त्याच रस्त्याने कॅरिअरवर डबलसीट नेलं होतं. पुढे अमेरिका झाली. सुट्ट्या जमल्या की सांगली, हा नेम झाला. मग आई-वडील गेले, घर विकलं. मागच्या खेपेला त्यांनी मुद्दाम सायकल भाड्याने घेतली आणि हरिपूरच्या रस्त्याला लागले, तर एका ट्रकने हॉर्न मारून त्यांना असं काही बाजूला घातलं की ते चिंचेच्या बुंध्याला धरूनच उभे राहिले. त्यानंतर बर्नारचा नकाशा आला. आता शहाऐंशीच्या सप्टेंबरची तिकिटंही काढून झाली होती.

"पण मी?" मालिनीने विचारलं. "मी काय कॅरिअरवर बसू सबंध फ्रान्सभर?"

"तुला सायकल येत नाही ह्याचा विचार केलाय मी," दिगंबरराव प्रेमाने म्हणाले. "टँडम घेतोय. दोन सीटची. हँडल, ब्रेक, दिशा सगळं माझ्याकडे. तू मागे बसून नुसतं पॅडल मारायचं."

मालिनीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की तिने "बरं" म्हटलं आणि कोशिंबीर पुन्हा जागेवर ठेवली.

टँडम आली. ती बघायला महाराष्ट्र मंडळातली निम्मी मंडळी येऊन गेली. बोस्टनला शिकणारी सुमेधा फोनवर म्हणाली, "बाबा, जस्ट रेंट अ कार!" त्यावर बाबांनी तिला प्लेन ट्रीजबद्दल इतकं सांगितलं की तिने अभ्यासाचं कारण सांगून फोन ठेवला.

सरावाला कालव्याची सोय घराजवळच होती. प्रिन्स्टनच्या बाजूने जाणारा जुना कालवा. पूर्वी खेचरं काठाने चालत नावा ओढायची, त्या वाटेवर आता लोक पळायचे, कुत्री फिरवायचे. जूनमधल्या एका रविवारी सकाळी दोघांनी पोर्ट मर्सरच्या पुलापासून टँडम हाकली. फ्रान्सच्या मानाने झाडं जरा झिंज्या सोडल्यासारखी होती, पण पाणी होतं, सावली होती आणि गाड्या नव्हत्या.

एक अडचण दिगंबररावांना ठाऊक नव्हती. टँडम दिसली की समोरून येणारा प्रत्येक अमेरिकन एकच विनोद करतो.

"हे! शी इज नॉट पेडलिंग!" पहिला पळणारा ओरडला. दिगंबरराव हसले. दुसऱ्याने तेच म्हटलं. ते पुन्हा हसले.

"मारतेय हो मी पॅडल," मागून मालिनी म्हणाली.

"अगं, जोक आहे तो त्यांचा."

थोडं पुढे गेल्यावर मालिनीच्या बुटात खडा गेला. दिगंबररावांनी एक पाय टेकवून सायकल थांबवली. काठाला एक वयस्क बाई, आपली सायकल झाडाला टेकवून, पाण्याचं चित्र काढत बसल्या होत्या. दिगंबररावांचं लक्ष मात्र समोर होतं. पुढच्या वळणावर झाडांनी खरोखरच कमान धरली होती.

"बसलीस का?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

मालिनी एका पायावर उभी राहून दुसरा बूट झटकत होती. ती म्हणाली, "थांबा हो!"

त्यांना त्यातलं फक्त "हो" ऐकू आलं. त्यांनी पॅडल मारलं.

त्यानंतर दिगंबरराव जे बोलले ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर बोलणं असावं. सायकल एकदम जड लागायला लागली होती. पण बायको दमली असेल, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही. उलट ते बोलत राहिले. पहाटे त्रेबहून निघायचं, कुठल्या तरी लॉकपाशी, म्हणजे नावा वरखाली करणाऱ्या त्या पाण्याच्या दरवाजांपाशी, ब्रेड आणि चीज खायचं, दुपारी द्राक्षमळ्याच्या बांधावर पडायचं. "आणि अगं, खरं सांगू का," ते म्हणाले, "सांगलीचं घर विकलं ना, तेव्हापासून मला वाटायचं, आता जायचं कुठे? तू आहेस म्हणून बरं आहे."

मागून काही उत्तर आलं नाही. तिला भरून आलं असेल, असं त्यांना वाटलं.

समोरून कुत्रा घेऊन एकजण आला. तो टँडमकडे बघून थबकला. "हे बडी! यू लॉस्ट समबडी!"

"आय नो, आय नो!" दिगंबरराव हसून ओरडले. "शी इज नॉट पेडलिंग!"

किंग्स्टनचा पूल आला. तिथलं लॉक दाखवायला ते थांबले, "उतर," म्हणाले आणि वळले. मागची सीट रिकामी होती.

घाबऱ्याघुबऱ्या त्यांनी टँडम जिथल्या तिथे वळवायला घेतली. पण टँडम ही लांबच लांब वस्तू आणि ती वाट अरुंद. पुढचं चाक काठावरून घसरलं, त्याच्यामागे दिगंबरराव आणि त्यांच्यामागे उरलेली सायकल. काठाशी पाणी कमरेएवढंच होतं, पण चष्मा तळाला गेला. कनू नावाच्या निमुळत्या होडीतून चाललेलं एक तरुण जोडपं धावून आलं.

"माय वाइफ!" दिगंबरराव पाण्यात हात आपटत ओरडले. "माय वाइफ वॉज बिहाइंड मी! शी इज नॉट देअर!"

पाण्यात उभा राहून माणूस हे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एकच होतो. तरुणाने कनूतून सरळ सूर मारला. पुलावरून आणखी दोघे बुटांसकट उतरले. कुणीतरी फोन करायला पळालं. दिगंबरराव सांगत होते, "नो, नो, नॉट हिअर, बिफोर!" पण दातावर दात वाजत असल्याने ते कुणाला कळत नव्हतं. आणि एवढी माणसं पाण्यात शोधताहेत म्हणजे ती इथेच पडली असणार, असं हळूहळू त्यांनाही वाटायला लागलं. रेस्क्यू स्क्वाडची गाडी आली तेव्हा ते स्वतःच पाण्यात वाकून हातांनी चाचपत होते.

इकडे मालिनी बूट घालून वर बघते तो सायकल वळणाआड गेलेली. तिने दोन हाका मारल्या. चित्र काढणाऱ्या बाईंनी सगळं बघितलं होतं.

"टेक माइन," त्या आपल्या सायकलकडे ब्रश दाखवत म्हणाल्या. "यू कॅन राइड, कान्ट यू?"

हा प्रश्न मालिनीला लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

अमरावतीला कॉलेजात जायला तिच्याकडे स्वतःची लेडीज सायकल होती. परीक्षा संपल्या की ती आणि मैत्रिणी भल्या पहाटे वडाळीच्या तलावापर्यंत शर्यत लावायच्या. लग्न ठरलं आणि सायकल धाकट्या भावाकडे गेली. सांगलीला नवऱ्याने मोठ्या हौसेने "बस कॅरिअरवर" म्हटलं, ती बसली. नंतर सांगायचं राहूनच गेलं.

सुरुवातीला हँडल जरा डगमगलं. मग पायांना सगळं आठवलं. नवऱ्याला गाठायचं म्हणून तिने वेग घेतला होता खरा. पण वारा कानाशी लागला, पाण्यावरचं ऊन अंगावर नाचायला लागलं, आणि तिने वेग हळूच कमी केला. अजून थोडा वेळ त्यांना शोधत राहिलं तर काय बिघडणार होतं? तिने एका हाताने केसांची पिन काढली. पूर्वी ती दोन्ही हात सोडायची. तेही तिने इकडेतिकडे बघून एकदा करून पाहिलं.

किंग्स्टनला तिला गर्दी दिसली. तिने उतरून एकाला विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?"

"सम इंडियन लेडी. दे कान्ट फाइंड हर."

"अगं बाई!" मालिनी म्हणाली. कोण असेल बिचारी? मंडळातली तर नसेल? मग तिला पाण्यातून ओढून काठावर आडवी टाकलेली टँडम दिसली. डिट्टो आपल्यासारखीच. आणि मग पाण्यातून आवाज आला, "मालिनी! मालिनी!"

एवढ्या वर्षांत त्यांनी तिला "अगं"शिवाय हाक मारली नव्हती. आपलं नाव इतकं चांगलं आहे, हे तिला तेव्हा कळलं.

ती गर्दीतून पुढे आली. "अहो, मी इकडे आहे."

दिगंबररावांनी डोळे किलकिले करून बघितलं. चष्म्याशिवाय त्यांना एक बाई आणि एक सायकल एवढंच दिसत होतं. बाईच्या हातात सायकल होती, त्याअर्थी ती मालिनी नव्हती.

"मॅडम, प्लीज," ते रडवेले होऊन म्हणाले, "माय वाइफ..."

"अहो, मीच ती! बाहेर या आधी!"

त्यांनी बाहेर येऊन आधी तिचा दंड धरला, मग सायकलचं हँडल, मग पुन्हा दंड. "तू... ह्यावरून... चालवत आलीस? तुला सायकल येते?"

"येते की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

पाण्यातून निघालेल्या तिन्ही माणसांची दोघांनी माफी मागितली. ती माणसं इतकी खूश होती की त्यांनी मालिनीशी हात मिळवले. स्क्वाडवाल्यांनी चित्र काढणाऱ्या बाईंची सायकल पोचवायचं कबूल केलं आणि टँडम घेऊन दोघे परत निघाले. चष्मा नसल्यामुळे पुढे मालिनी बसली.

घरी येऊन दिगंबररावांनी कोरडे कपडे घातले, तोवर दाराची बेल वाजली. मालिनीने दार उघडलं. बाहेर मंडळाची सेक्रेटरी कांचन पांढरी साडी नेसून, हातात भला मोठा डबा घेऊन उभी होती. मागे तिचा नवरा शैलेंद्र मान खाली घालून. तो सकाळी गाडीतून पूल ओलांडत होता. टँडम त्याने ओळखली होती, आणि बाकीचं गर्दीकडून ऐकलं होतं.

कांचनने मालिनीकडे बघितलं. डबा हातातून सुटणार तोच मालिनीने तो पकडला.

"काय गं हे?"

"खिचडी," कांचन कशीबशी म्हणाली. "मालिनीताई, तुमच्या घरी... चूल पेटायची नाही ना आज..."

मालिनीला कळायला एक क्षण लागला. मग ती इतकी हसली की तिला दाराला धरून उभं राहावं लागलं. "ये, आत ये! शैलेंद्र, या ना. गरम आहे तोवर खाऊ या. मला तर सपाटून भूक लागलीय."

चौघं टेबलाशी बसले. शैलेंद्र अजून चोरून मालिनीच्या पायांकडे बघत होता. दिगंबरराव जुना चष्मा लावून बसले होते. सगळ्यात जास्त खिचडी मालिनीने खाल्ली. तूप थोडं कमी आहे, असंही म्हणाली.

पाहुणे गेल्यावर तिने स्वतः नकाशा पसरला. एका पांढऱ्या बारीक रेघेवर बोट ठेवून ती म्हणाली, "ही टेकडी दिसतेय. चढ असेल, पण पलीकडे उतार मस्त असणार. आणि ती टँडम विकून टाका. बर्नारला सांगा, तिकडे दोन सायकली लागतील."

दिगंबररावांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "दोन कशा?" ते म्हणाले. "मग मी बोलू कुणाशी?"

"बोला की तुम्ही," मालिनी म्हणाली. "ऐकू येईल एवढ्याच अंतरावर पुढे असेन मी."