द्वारकाकाकूंचा न विचारण्याचा नवस

एका जंगलात वाघापासून गोगलगायीपर्यंत सगळ्यांनाच सायकलचं वेड लागलं होतं. त्या जंगलात एका आईने एकदा एक नवस केला होता. असा नवस, की तो ऐकून देवीसुद्धा क्षणभर बुचकळ्यात पडली असेल.

त्या आईचं नाव द्वारकाकाकू. काकू चौशिंग्यांच्या घरातल्या. मुलांनो, चौशिंगा म्हणजे चार शिंगांचा, हरणासारखा दिसणारा लाजाळू प्राणी. पण ही शिंगं फक्त पुरुषमंडळींना असतात. काकूंना शिंगं नव्हती, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त व्रतांवर होती. सोमवार होता, गुरुवार होता, चतुर्थी होती. एखादा वार रिकामा गेला की काकूंना घरात काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं.

त्यांना एकुलता एक मुलगा. नवसाचा. म्हणून तर त्याचं नाव धोंडू ठेवलं होतं. दृष्ट लावायला आलेल्याने नाव ऐकूनच परत फिरावं, हा हेतू.

पण धोंडू सायकल अशी चालवायचा, की नावाकडे कुणी लक्षच देईना. वाघोबा महाराज दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या दिवशी डोंगरफेरी भरवत. डोंगराला एक पूर्ण वेढा घालायचा आणि वाड्यासमोर यायचं. जो पहिला येईल त्याला महाराजांची लाल सायकल वर्षभर वापरायला मिळे. पितळी घंटीची. धोंडूने ती ओळीने तीन वर्षं राखली होती. ती अंगणात पेरूच्या झाडाला टेकवलेली असे आणि काकू रोज तुळशीबरोबर तिलाही हळदकुंकू वाहत.

यंदा श्रावणात घात झाला. सराव करताना करवंदीच्या वळणावर शेवाळलेल्या दगडावरून चाक सटकलं. धोंडू खाली, सायकल वर. मागचा डावा पाय मोडला.

सुतारपक्षी वैद्यांनी पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. काकू धावत वाघजाईच्या देवळात गेल्या. हात जोडले.

"आई, पोराचा पाय जोडू दे. खणानारळाने तुझी ओटी भरीनच. पण खण तुझ्याकडे रग्गड आहेत, आणि गोड सोडीन म्हणाले तर ते मी मागच्याच वर्षी सोडलंय. तेव्हा मला खरोखर जड जाईल असं काहीतरी देते. धोंडू डोंगरफेरीची रेघ ओलांडेपर्यंत मी त्याला एकदाही 'आता कसं वाटतंय?' असं विचारणार नाही."

मुलांनो, तुम्हाला यात काय कठीण आहे असं वाटेल. तुमच्या आईला एकदा करून बघायला सांगा.

पहिल्याच सकाळी काकू पेजेचा वाडगा घेऊन धोंडूसमोर बसल्या. पाय कामट्यांत. चेहरा उतरलेला. काकूंच्या ओठांवर प्रश्न आला. त्यांनी तो आवंढ्याबरोबर गिळला.

"मीठ बरोबर आहे का रे?" त्या म्हणाल्या.

"आहे," धोंडू म्हणाला, आणि पेज प्यायला लागला.

महिना गेला. दीड महिना गेला. वैद्यांनी कामट्या सोडल्या, पायावर चोचीने टकटक करून पाहिलं, कान लावला.

"हाड जुळलं," वैद्य म्हणाले. "औषध संपलं. आता दोनच पथ्यं. याला रोज डोंगर चढू द्या आणि एकटा सोडा."

पहिलं पथ्य धोंडूच्या हातात होतं. दुसरं जंगलाच्या. आणि जंगलाचं धोंडूवर फार प्रेम होतं.

त्या जंगलात एक टिटवीबाई होती. ती सकाळ-संध्याकाळ वडाखालच्या खडकावर बसून बातम्या द्यायची. पूर्वी तिच्या बातम्यांत पाऊसपाणी असे, कुणाची पिल्लं उडाली ते असे. आता एकच बातमी. "धोंडूचा पाय! सकाळची स्थिती!" आणि संध्याकाळी, "धोंडूचा पाय! सकाळपासून आतापर्यंत!" मधल्या वेळात काही घडलं नाही, तर काहीच का घडलं नाही यावर ती चर्चा घडवून आणायची.

चर्चेला तरसदादा ठरलेले. तरसदादा एकेकाळचे सायकलपटू. त्यांची स्वतःची चाल जन्मापासूनच मागून खाली, पुढून वर अशी. पण दुसऱ्याच्या पायातला दोष त्यांना अर्ध्या कोसावरून दिसायचा.

"पाय बरा असेलही," तरसदादा म्हणायचे, "पण पायाचा स्वभाव बदललाय. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं ना!"

वाघोबा महाराजांनी तर पाय-तपासणी समितीच नेमली. अध्यक्ष होते अजगरअण्णा. कारण पाय या विषयावर त्यांचं मन पूर्णपणे कोरं होतं.

धोंडू पहाटे सायकल घेऊन निघे. ओढ्यापाशी साळिंदरवहिनी. "भावोजी, पाय कसाय?" आंब्याखाली अस्वलमामा. "काय रे भाच्या, कळ येते का अजून? नाही? मग येईल. माझ्या मेव्हण्याला तिसऱ्या महिन्यात आली होती." वळणावर माकडांची अख्खी शाळा. "धोंडूदादा, धोंडूदादा, परत पडणार का?"

आता इथे धोंडूची एक सवय सांगायला हवी. द्वारकाकाकूंनी त्याला लहानपणापासून एक वळण लावलं होतं. कुणी विचारपूस केली तर थांबायचं. दोन्ही पाय जमिनीवर टेकायचे. मान लववायची. मग उत्तर द्यायचं. चालत्या सायकलवरून 'हो हो' म्हणून निघून जाणं हे द्वारकाबाईंच्या मुलाला शोभत नाही. सगळं जंगल या वळणाचं कौतुक करायचं.

त्यामुळे धोंडू सराव असा करायचा : दहा पावलं सायकल, एक मुक्काम.

इकडे काकूंची काय अवस्था असेल? अख्ख्या जंगलाला पायाची बातमी होती. ठाऊक नव्हतं ते एकट्या आईला.

पण एका पहाटे काकूंनी अंगणात सडा घातला आणि ओल्या सड्यावरून धोंडू सायकल ढकलत बाहेर गेला. काकू रांगोळी काढायला वाकल्या आणि थबकल्या. सड्यावर चार खुरांचे ठसे उमटले होते. चारही सारखेच खोल. मागचा डावाही.

काकूंनी तिथेच हात जोडले.

योगायोगाने त्या दिवशी कोंबड्यांनी अंगण उकरलं, म्हणून काकूंनी उन्हं वर आल्यावर पुन्हा सडा घातला. धोंडू परत आला. पुन्हा ठसे. आणि या वेळी तीन खोल, मागचा डावा उथळ.

काकू चक्रावल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या मुद्दाम दोनदा सडा घालू लागल्या. एकदा तो निघण्याआधी, एकदा परतण्याआधी. रोज तेच. जाताना चार सारखे, येताना एक उथळ. एके दिवशी ओढ्याला पूर होता, सगळे आपापल्या घरात होते, रस्त्यात कुणी भेटलं नाही. त्या दिवशी येतानाही चार सारखे.

काकू फार शिकलेल्या नव्हत्या. पण स्वतःच्या हातचा सडा त्यांना वाचता येत होता. पाय डोंगराने दुखत नव्हता. विचारण्याने दुखत होता.

त्या पदर सावरून टिटवीबाईकडे गेल्या.

"टिटवीबाई, एक विनंती होती. वाघबारशीपर्यंत त्याला जरा कुणी विचारलं नाही, तर फार बरं होईल हो."

"अहो काकू, आम्ही काय वाइटावर आहोत का त्याच्या?" टिटवीबाईने पंखाने डोळे टिपले. "काळजीपोटीच विचारतो ना! आणि तुम्ही? आई असून तुम्ही एकदाही विचारलं नाहीत म्हणे?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नवस आहे माझा."

संध्याकाळची बातमी अशी होती : "जन्मदात्या आईनेही विचारणं सोडलं! वर प्रश्नांना बंदी! चौशिंग्यांच्या घरात काय लपवलं जातंय?"

दुसऱ्या दिवशी विचारणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली. आपलेपणाच असा, की कुणी मागे राहायला तयार नाही. कुणी अंगारा आणला, कुणी गंडा. धोंडूच्या चार शिंगांना चार गंडे बांधून झाले आणि पाचव्या गंड्यासाठी शिंग कमी पडलं, तेव्हा अस्वलमामांना फार वाईट वाटलं.

एका दुपारी धोंडू पेरूखाली बसून आपल्याच पायाकडे टक लावून बघत होता. काकू पाहत होत्या. त्याचे ओठ हलत होते. तो पायालाच विचारत होता, आता कसं वाटतंय?

जीभ टाळ्याला चिकटवून काकू आत गेल्या आणि गरम भाकरी घेऊन बाहेर आल्या.

"ठेचा देऊ की लोणचं?"

धोंडूने पायावरून नजर उचलली. "ठेचा," तो म्हणाला.

वाघबारस उजाडली. वाड्यासमोर एकोणीस सायकली उभ्या राहिल्या. त्यात एक होता सोनबा मुंगूस. बाबांच्या जुन्या सायकलवर, सीटला पोतं बांधलेलं. त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं, त्यामुळे आपल्याला कसं वाटतंय हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

शिंग फुंकलं गेलं. सायकली सुटल्या.

मुलांनो, धोंडू त्या दिवशी काय सुटला म्हणता! सगळं जंगल पुढे मोक्याची जागा धरायला पळालं होतं, म्हणून पहिला चढ मोकळा होता. कुणी वहिनी नाही, कुणी मामा नाही. धोंडूची लाल सायकल अशी वर गेली, की मागच्या अठराजणांना फक्त पितळी घंटी ऐकू आली.

आणि मग करवंदीचं वळण आलं.

सगळं जंगल तिथेच जमलं होतं. तो जिथे पडला होता, तिथेच उभं राहावं असं प्रत्येकाला मनापासून वाटलं होतं. सर्वांत पुढे गवाआजोबा. जंगलातले सर्वांत वडीलधारे.

"धोंडू बाळा," गवाआजोबांनी आवाज दिला, "पाय कसा आहे रे आता?"

धोंडूचे कान हलले. मन म्हणालं, जा. वळण म्हणालं, थांब. त्याने ब्रेक दाबला. दोन्ही पाय टेकले. मान लववली.

"बरा आहे, आजोबा."

"आं? जरा मोठ्याने बोल."

"बरा आहे!"

"बघा, बघा, आवाज कापतोय," तरसदादा म्हणाले.

"धोंडूभावोजी, घाम का आलाय एवढा?"

"आता थांबलाच आहेस, तर जरा पाय वर कर पाहू," अजगरअण्णा म्हणाले. समितीचा एक ठराव बाकी राहिला होता.

तेवढ्यात मागून सोनबा मुंगूस आला. पोतं सरकलेलं, दम लागलेला.

"धोंडूदादा, मी पुढे जाऊ का?"

"जा बाबा," धोंडू म्हणाला. "माझं अजून सांगून व्हायचंय."

सोनबा गेला. सोनबामागून आणखी सहाजण गेले. एकालाही कुणी थांबवलं नाही. त्यांच्या पायांत कुणालाच रस नव्हता.

वाड्यासमोर काकू ताटात भाकरी झाकून उभ्या होत्या. सोनबा आला. मग एक आला, दोन आले. आठवा धोंडू. मागचा डावा पाय अलगद टेकत त्याने रेघ ओलांडली.

सगळं जंगल धापा टाकत मागोमाग आलं. "म्हटलं नव्हतं? पाय कच्चाच होता!" टिटवीबाई तर काकूंच्या समोरच येऊन बसली. "काकू, फेरी संपली! नवस फिटला! आता तरी विचारा त्याला!"

काकूंनी धोंडूकडे पाहिलं. तोंड उघडलं. आणि श्रावणापासून लागलेल्या सवयीने त्यांच्या तोंडून शब्द निघाले,

"भूक लागली का रे?"

धोंडू हसला. कितीतरी दिवसांनी.

"लागली," तो म्हणाला. मग कानाशी वाकून, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, तू विचारलं नाहीस म्हणून सांगतो. पाय अगदी ठणठणीत आहे गं."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"सडा सांगतो माझा. पण बाळा, एक चूक माझीही झाली. विचारलं की थांबायचं एवढंच शिकवलं तुला. कधी थांबायचं नाही, ते शिकवायचं राहून गेलं."

लाल सायकल सोनबाच्या घरी गेली. काकूंनी जाताना तिला कुंकू लावलं. डोळे पुसले नाहीत असं नाही.

दुसऱ्या दिवसापासून धोंडूला कुणी काही विचारेना. हरलेल्या पायाची बातमी होत नाही. त्याने अडगळीतून आपल्या बाबांची जुनी सायकल काढली. घंटी नव्हती, एक पॅडल वाकडं होतं. टिटवीबाईच्या सकाळच्या बातम्या संपायच्या आत तो डोंगराला पूर्ण वेढा घालून परत आला. एवढ्या वेळात पूर्वी लाल सायकलवरही त्याला जमलं नव्हतं. हे पाहिलं फक्त काकूंनी. जाताना चार सारखे ठसे, येताना चार सारखे ठसे.

आणि टिटवीबाईच्या बातम्या? त्या आता सोनबाच्या दारातून सुरू होत्या. "सोनबा, एवढ्या मोठ्या विजयानंतर कसं वाटतंय? टिकेल ना हे? परवा डावा कान का हलला?" चौथ्या दिवशी सोनबा आपल्या कानाकडे बघायला लागला. कान स्वतःला दिसत नाही, म्हणून गोल गोल फिरायला लागला.

तेव्हा काकूंनी हळदकुंकवाचा करंडा घेतला आणि मुंगसिणीच्या बिळापाशी गेल्या. तिची ओटी भरली. म्हणाल्या, "बाई, एक नवस सांगते. फळतो. पण उपास याहून सोपे, आधीच सांगून ठेवते."

तात्पर्य : दुखणाइताची विचारपूस करण्यात कसूर करू नये. सर्वांनी मिळून, आळीपाळीने आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिल्यास बरा झालेला पायसुद्धा आपल्या आपुलकीचा मान राखून लंगडू लागतो. ज्या आईला माया नसते, तीच तेवढी भाकरी वाढून गप्प बसते. तेव्हा मुलांनो, तुमच्याही घरी कुणी पडून उठलं असेल, तर माझं एवढं ऐका. एक दिवस, फक्त एकच दिवस, मायाच नाही असं समजून वागा. "आता कसं वाटतंय?" हा प्रश्न गिळा, आणि ठेचा हवा की लोणचं, तेवढं विचारा.