उखळाच्या वादात धूमकेतूची साक्ष

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात, शब्दही साधेच आहेत. तर जावा बेटावरच्या करांगतेलू गावात दंतकथेतला धूमकेतू नेमका कोणता हे ठरवायचं असलं, की संशयित धूमकेतूंना चावडीपुढे बोलावून त्यांची ओळख परेड घेतात.

त्या वर्षी वाद पाइमानच्या घरच्या लेसुंगचा होता. लेसुंग म्हणजे अख्खं खोड कोरून केलेलं, भात कांडायचं लांबलचक उखळ. फार पूर्वी शेपटीचा तारा गावावर येऊन ठेपला, तेव्हा पाइमानच्या घरातल्या एका बाईने हे उखळ रिकामंच बडवून त्याला पिटाळलं, म्हणून उखळाचा मान त्या घराला. शेजारचा क्रोमो मात्र म्हणे, ती बाई आमच्या घरची. ताऱ्यालाच विचारू, तो सांगेल त्या अंगणात उखळ जाईल, असं पाक लुरांनी, म्हणजे गावप्रमुखांनी, ठरवलं. पाइमानची आई त्याच उखळावर लोकांचं भात कांडून घर चालवत होती. पाइमान मात्र चार माणसांत तोंड न उघडणारा.

तीन धूमकेतू आले. केळी होरपळू नयेत म्हणून शेपट्या गुंडाळून ओळीत उभे राहिले.

"कुठल्या दिशेला उगवला होतात?" लुरांनी पहिल्याला विचारलं.

"उत्तरेला."

"आमचा पूर्वेला होता. तुम्ही सावलीत बसा."

उरलेले दोघे पूर्वेचेच निघाले. मग उखळ बडवायचं ठरलं. त्या गावात प्रत्येक घराचा ठेका वेगळा असतो. आधी क्रोमोच्या बायकोने मुसळ घेतलं. दोघेही ढिम्म. मग पाइमानच्या आईने ठेका धरला, तसा तिसरा, म्हातारा धूमकेतू दोन पावलं पुढे आला.

"अहो, हा पळतोय कुठे? हा तर अंगावर येतोय!" क्रोमो म्हणाला.

"मी कधी पळालो?" म्हातारा म्हणाला. "ठेका हाच होता. मला वाटलं, जेवायला बोलावतायत. बराच वेळ दाराशी थांबलो. कोणी पान मांडलं नाही, मग गेलो."

करांगतेलूत दाराशी आलेला पाहुणा उपाशी परत जाणं यापरती नाचक्की नाही.

"मग ती बाई आमची नव्हेच," क्रोमो घाईघाईने म्हणाला. "आमच्याकडून मांजरसुद्धा उपाशी जात नाही!"

"म्बोक, तुम्ही काय म्हणता?" लुरांनी पाइमानच्या आईला तिकडच्या रीतीने 'आई' अशी हाक मारून विचारलं. "तुम्हीही नाही म्हणालात तर नाचक्की टळेल. उखळ मात्र चावडीत जमा होईल."

आईने मुसळ घट्ट धरलं. तेव्हा पाइमान उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"उखळ आमचं," तो म्हणाला. "उपाशी पाठवलं तेही आम्हीच. पाहुण्यांनी उद्या जेवूनच जावं."

लुरांनी दंतकथा तेवढ्यापुरती दुरुस्त झाल्याचं जाहीर केलं. सावलीतला पहिला धूमकेतू खाकरला.

"आम्हीही लांबूनच आलोय म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइमान क्रोमोकडे मोठं पातेलं मागायला गेला. क्रोमोने ते घासूनपुसून त्याच्या डोक्यावर ठेवलं.

"मिरची बेतानंच घाला रे," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला सोसायची नाही."